लोखंड नसलेली सरकारी इमारत : अलिबागची चुंबकीय वेधशाळा

अलिबागला येणारा पाहुणा आधी ओहोटीची वेळ विचारतो. पाणी उतरले की पायी नाहीतर घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात जायचे, सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यायचे, परतल्यावर कान्होजी आंग्र्यांची समाधी आणि हिराकोट पाहायचा. या फेरीत समुद्राजवळचे एक सरकारी आवार बहुधा सुटते. तिथे मनोरा नाही, घुमट नाही, तोफ तर नाहीच. फाटकावर चुंबकीय वेधशाळेची पाटी आहे, एवढेच. हवामान खात्याचे काहीतरी असेल असे म्हणून लोक पुढे जातात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही, कारण ही वास्तू पाहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. माणसे, वाहने आणि लोखंड यांना जितके दूर ठेवता येईल तितके ठेवावे, याच हेतूने ती 1904 साली उभी राहिली.

महाराष्ट्रातल्या तालुक्या-जिल्ह्याच्या गावी जुन्या सरकारी इमारतींना तोटा नाही. कचेऱ्या, कोर्ट, तुरुंग, डाकबंगले, निजामी अमदानीतल्या तहसिली. त्यांचे मोल आपण कमानींवरून, सागवानी जिन्यांवरून किंवा तिथे कोणावर खटला चालला यावरून ठरवतो. अलिबागच्या वेधशाळेला ही मोजपट्टी लावली तर ती नापास होईल. तिचा वारसा आत लिहिल्या गेलेल्या नोंदीत आहे. ती नोंद कुलाबा आणि अलिबाग मिळून 1841 पासून आजपर्यंत चालत आली आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची इतकी लांब सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. इमारत जपायची ती त्या नोंदीसाठी, ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी.

आणखी एक खुलासाही इथेच करून टाकतो. अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे, 1981 पर्यंत जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते, आणि मुंबईच्या दक्षिण टोकालाही कुलाबा आहे. वेधशाळेची कथा सुरू होते ती मुंबईच्या कुलाब्यात.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये तिथे वेधशाळा उभारली. हेतू व्यवहारी होता: बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत. चुंबकत्व नंतर आले. युरोपात हम्बोल्ट आणि गाउस या जर्मन शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने जागोजागी एकाच वेळी चुंबकीय वेध घ्यायची चळवळ सुरू झाली. ब्रिटिशांनीही आपल्या साम्राज्यात तशा वेधशाळा काढल्या. समुद्रावर होकायंत्रावर विसंबणाऱ्या आरमाराला त्यात रस होताच. हिंदुस्थानात आणि आसपास मद्रास, सिमला, त्रिवेंद्रम, सिंगापूर अशी नावे त्या यादीत होती. बहुतेक ठिकाणी सुरुवातीचा उत्साह ओसरला, पैसा आटला, माणसे बदलली आणि काम थांबले. टिकली ती मुंबईची साखळी.

मुंबईत हे काम 1841 मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी सुरू केले. ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित आणि ज्योतिष शिकवत. त्यांच्या हाताखाली एक कोवळ्या वयाचा मराठी मुलगा सहायक म्हणून लागला, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे महाराष्ट्राने त्यांना केरूनाना म्हणून ओळखले. 'ग्रहसाधनाची कोष्टके' त्यांचीच, आणि टिळक-आगरकरांची पिढी त्यांच्या शिकवण्यातून गेली. केरूनानांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. नागावचा मुलगा मुंबईच्या कुलाब्याला जाऊन चुंबकाचे वेध घेऊ लागला आणि साठेक वर्षांनी ते वेधच त्याच्या गावाशेजारी राहायला आले. असा योगायोग कोणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने त्यावर काट मारली असती. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ कुलाबा वेधशाळेचा कारभार होता. 'दर्पण' सगळ्यांना पाठ असते, वेधशाळेचा उल्लेख चरित्रात एका ओळीत उरकला जातो. मराठी विद्येच्या पहिल्या पिढीतली दोन माणसे या खोल्यांतून वावरली, ही बाब ठळक अक्षरांत लिहायला हवी.

ते काम कंटाळवाणे होते. टांगलेल्या चुंबकावर आरसा, समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. ठरलेल्या तासाला दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दिवस-रात्र, सण-सुतक न पाहता. त्या आकड्यांचा उपयोग काय हे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना कळलेही नसेल. उपयोग कळायला कधी कधी दीडशे वर्षे लागतात.

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या समूहात अचानक पांढरा लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश कितीतरी दक्षिणेकडच्या प्रदेशांत दिसला. युरोपातल्या वेधशाळांत छायाचित्रण-पद्धतीच्या यंत्रांवर प्रकाशाची रेघ कागदाच्या बाहेरच गेली, म्हणजे वादळ सर्वांत जोरात होते तेव्हाची नोंद हातातून निसटली. कुलाब्याला अजून माणसे डोळ्यांनी वाचत होती. सुई भरकटते आहे हे दिसल्यावर त्यांनी पुढच्या तासाची वाट पाहिली नाही. थोड्या थोड्या मिनिटांनी वाचन घेत राहिले. 2 सप्टेंबरच्या सकाळी चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज, म्हणजे आडवा, घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरला. शांत दिवशी तिथे दिवसभरात जो चढउतार होतो तो काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो, यावरून त्या घसरणीची कल्पना यावी.

त्या वह्या पुढे कपाटात पडून राहिल्या. 2003 साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस, गुरुबक्ष लाखिना आणि शोभना अॅलेक्स या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या नोंदीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि जगभरच्या सौरवादळ-अभ्यासकांनी त्याकडे वळून पाहिले. मार्च 1989 च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली, त्याची तीव्रता सांगणारा जागतिक निर्देशांक उणे 589 नॅनोटेस्ला होता. कुलाब्याचा आकडा त्याच्या अडीचपटीहून जास्त. ही तुलना तंतोतंत नाही, हेही सांगायला हवे. निर्देशांक अनेक केंद्रांची तासाची सरासरी घेऊन काढतात, आणि कुलाब्याचा आकडा एका ठिकाणचा, त्या क्षणाचा आहे. तासाची सरासरी काढली तर घसरण बरीच कमी येते, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. वाद अजून चालू आहे. पण वाद घालायला जो कागद लागतो, तो मुंबईतल्या वेधकांनी लिहून ठेवला होता. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या त्या लोकांची नावे कोणत्याही पुतळ्याखाली नाहीत.

अशी नोंद हातात असलेल्या संस्थेला विसाव्या शतकाच्या तोंडावर एका घोड्यामुळे संकट आले, किंवा घोडा जाणार होता म्हणून. मुंबईत 9 मे 1874 पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. 1900 च्या सुमारास त्या विजेवर चालवायचा विचार पक्का होऊ लागला. शहराच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती. वेधशाळेच्या दृष्टीने मात्र शेवट. ट्रामचा एकदिश विद्युतप्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. तो सगळा रुळांतच राहत नाही, काही जमिनीत झिरपतो. झिरपलेल्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि नाजूक टांगलेले चुंबक ट्राम मोजू लागतात. पृथ्वी बाजूलाच राहते.

हे दुखणे फक्त मुंबईचे नव्हते. विजेच्या ट्राममुळे कॅनडातल्या टोरांटोची चुंबकीय वेधशाळा 1898 मध्ये अॅजिनकोर्टला गेली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे चुंबकीय काम अखेर स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला न्यावे लागले. ती वेधशाळा 1908 मध्ये सुरू झाली. प्रश्न जगभर एकच होता. मुंबईने तो लंडनच्या आधी, आणि माझ्या मते अधिक नेटकेपणाने सोडवला. त्याचे श्रेय नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांना जाते.

मूस 1859 चे, म्हणजे त्या थोर वादळाच्याच वर्षी जन्मलेले. एडिंबरोत शिकून आले, एल्फिन्स्टनमध्ये शिकवले आणि 1896 मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर कायम नेमले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. आधीचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर ते आले होते, त्यामुळे आपल्या हाती काय सोपवले आहे याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. 1899 मध्ये वेधशाळा मुंबई सरकारकडून हवामान खात्याकडे गेली. विजेच्या ट्रामचा प्रश्न आला तेव्हा मूस यांनी 'ट्राम नको' असा हट्ट धरला नाही. शहर थांबणार नाही हे त्यांना कळत होते. क्रम मात्र त्यांना हवा तसा ठरला: आधी नव्या जागी वेधशाळा, तिथल्या नोंदी जुन्याशी जुळल्याची खात्री, आणि मग मुंबईच्या रस्त्यावर वीज.

नवी जागा कोणती हा पुढचा प्रश्न. फार लांब गेले तर कुलाब्याची साठ वर्षांची नोंद आणि नवी नोंद यांची सांगड घालणे कठीण. फार जवळ राहिले तर पुन्हा शहर पाठीशी. अलिबाग कुलाब्यापासून आग्नेय-दक्षिणेला साधारण 30 किलोमीटरवर आहे. मध्ये समुद्र. मुंबईहून बोटीने येता येते, त्यामुळे देखरेख सोपी. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कचेरी, टपाल, दवाखाना सगळे आहे, पण कारखाने नाहीत आणि रेल्वे नाही. रेल्वे येण्याचीही शक्यता दिसत नव्हती. मूस यांचा हा अंदाज त्यांनाही वाटला नसेल इतका खरा ठरला. थळच्या खत कारखान्यासाठी मालगाडीचा फाटा आला, पण आजही अलिबागकराला प्रवासी गाडी पकडायला पेणला नाहीतर पनवेलला जावे लागते. अलिबागकर यावर गेली कित्येक वर्षे तक्रार करत आहेत आणि ती रास्तच आहे. वेधशाळेचे हित आणि प्रवाशाचे हित इथे एकमेकांच्या आड येते. त्यावर गोड उत्तर काढण्यात अर्थ नाही.

आता इमारत. चुंबकीय वेधशाळेत लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. त्यामुळे खिळे, बिजागऱ्या, कड्या यांसाठी तांबे आणि पितळ, बाकी लाकूड. यातले बरेच पैसे खर्च करून जमते. खरी पंचाईत दगडाची झाली. महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा दगड. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट सह्याद्रीपासून पार मराठवाड्याच्या पठारापर्यंत पसरला आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला त्याच दगडाचा, बालाघाटातला धारूरचा किल्ला त्याच दगडाचा, आणि धारूर तालुक्यातल्या तेलगावात विहीर खणली तर खाली लागतो तोही हाच. बांधकामाला याच्यासारखा दगड नाही. पण त्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. काळ्या दगडाच्या खोलीत ठेवलेले चुंबक पृथ्वीबरोबर भिंतीही मोजेल.

या दगडाच्या चुंबकत्वाने पुढे विज्ञानाला मोठी देणगीही दिली. लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठून राहते. 1950 च्या दशकात डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांचे नमुने तपासले. भारताची भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि नंतर उत्तरेकडे सरकली, याला त्यातून बळकट पुरावा मिळाला. म्हणजे जो दगड वेधशाळेला नको होता, तो स्वतःच एक जुनी नोंदवही होता. पण 1904 मध्ये मूस यांना त्याची अडचणच होती.

त्यांनी पोरबंदरचा दगड निवडला. पिवळसर, मऊ, कोरायला सोपा हा दगड मुंबईच्या गॉथिक इमारतींच्या नक्षीत सर्रास दिसतो. तिथे तो सौंदर्यासाठी आला, अलिबागला त्याच्या निर्गुणपणासाठी. चुंबकीय गुण नाही याची खात्री करून घेतलेले दगड वापरून यंत्रगृह बांधले गेले. चुंबकाला लोखंडाइतकेच उष्णतेचेही वावडे, कारण तापमान बदलले की त्याची ताकद बदलते आणि नोंद फसते. म्हणून खोलीच्या आत खोली अशी रचना केली, बाहेरची हवा आतल्या यंत्रांपर्यंत सरळ पोहोचू नये. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात, वातानुकूलनाची सोय नसताना, भिंतींच्या भरवशावर तापमान सांभाळणारी ही खोली हा स्थापत्याचा उत्तम नमुना आहे. नक्षीदार सज्जांची छायाचित्रे काढणाऱ्या वास्तुविद्यार्थ्यांनी एकदा इकडेही यावे.

तेव्हा आत अंधार असे. क्वार्ट्झच्या धाग्यावर लटकणारे बारीकसे चुंबक, त्यावर आरसा, आरशावर पडणारा प्रकाशाचा किरण, आणि तो परत येऊन पडे ते सावकाश फिरणाऱ्या रुळावर गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या कागदावर. चोवीस तासांत एक फेरा. दुसऱ्या दिवशी कागद काढून धुतला की काल पृथ्वीच्या चुंबकत्वाने काय केले त्याची रेघ हाती येई. ही रेघ फक्त बदल दाखवी. मूळ किंमत किती ते ठरवायला वेगळ्या खोलीत, वेगळ्या उपकरणांनी, ठराविक दिवसांनी स्वतंत्र मापन करावे लागते. तिथे जाणारा वेधक किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल, खिशातली चिल्लर सगळे बाहेर काढून ठेवतो. हा रिवाज आजही आहे. मोबाइलची त्यात भर पडली. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे हे आहे, फक्त इथे नियम मोडला तर देव नाही, आकडा कोपतो.

एप्रिल 1904 पासून कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षे, 1906 पर्यंत. सरकारी खात्यात एखादे काम दोन ठिकाणी दोन वर्षे मुद्दाम दुहेरी करणे म्हणजे लेखापरीक्षकाला आमंत्रणच. पण मूस यांच्या सगळ्या योजनेचे मर्म इथे होते. दोन्हीकडच्या आकड्यांतला फरक पक्का झाला की जुनी मालिका अलिबागच्या मालिकेला सांधता येते, आणि सांधा दिसत नाही. हा सांधा नसता तर कुलाब्याची साठ वर्षे आणि अलिबागची शंभरावर वर्षे अशा दोन अर्धवट कहाण्या उरल्या असत्या. 1906 मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली.

मूस तेवढ्यावर थांबले नाहीत. कुलाब्याच्या 1846 ते 1905 या काळातल्या सगळ्या चुंबकीय नोंदी त्यांनी संगतवार लावल्या, त्यांची चिकित्सा केली आणि 1910 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. चुंबकीय वादळ कसे सुरू होते, कसे वाढते, कसे ओसरते याचे जे वर्णन त्यात आहे, ते आजही अभ्यासक उघडून पाहतात. सूर्यावरून काय सुटते आणि पृथ्वीपर्यंत कसे येते याचा कोणताही उपग्रह-पुरावा नसताना, नुसत्या आकड्यांच्या रांगांवरून त्यांनी हे केले. अलिबागच्या आवारात कोणाचे तैलचित्र लावायचे असेल तर ते याच गृहस्थांचे लावावे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण वेधशाळेच्या बाबतीत काही न घडणे हेच यश असते. मुंबईत 1925 मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली. ती ट्रामपेक्षा कितीतरी ताकदीच्या एकदिश प्रवाहावर होती. कुलाब्याला परतण्याची उरलीसुरली वाटही तिने बंद केली. मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 रोजी शेवटची धावली. जिच्यामुळे स्थलांतर करावे लागले ती गेली, स्थलांतरित अलिबागलाच राहिला. 1971 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली आणि अलिबाग तिच्या छत्राखाली आले. संस्थेचे मुख्यालय आधी कुलाब्याला होते, आता नवी मुंबईत पनवेलजवळ आहे. कागदाच्या रुळाची जागा अंकीय यंत्रांनी घेतली.

अलिबागच्या आकड्यांचे आज करतात काय, हा प्रश्न गावातला माणूस विचारतो आणि तो विचारणे योग्यच आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्याच्या वर, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा पूर्वेकडे वाहणारा विद्युतप्रवाहाचा एक अरुंद पट्टा असतो. 1963 मध्ये थुंबा इथे अग्निबाण केंद्र झाले ते या पट्ट्याच्या जवळिकीमुळे. या प्रवाहाचे बळ मोजायचे तर दक्षिणेतल्या केंद्राच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करतात, कारण अलिबाग त्या पट्ट्याबाहेर आहे आणि बाकी सगळे दोन्हीकडे सारखे. चुंबकीय वादळांची तीव्रता मिनिटामिनिटाला सांगणारा जो जागतिक निर्देशांक क्योटोहून निघतो, त्याच्या केंद्रांत अलिबाग आहे. जगातल्या निवडक वेधशाळांच्या 'इंटरमॅग्नेट' जाळ्यातही आहे. मे 2024 मध्ये मोठे सौरवादळ आले आणि लडाखच्या हानले इथून आकाशात लाल प्रकाश दिसला. अशा रात्री वीजजाळी सांभाळणाऱ्यांना आणि उपग्रह चालवणाऱ्यांना या आकड्यांची गरज पडते. आपल्या हातातल्या फोनमधले होकायंत्र खरी उत्तर दाखवते तेव्हा ते चुंबकीय दिशेत जी दुरुस्ती करते, ती उपग्रहांच्या आणि अशाच वेधशाळांच्या मोजमापांवरून तयार झालेल्या नकाशातून येते.

इतके असून वारशाच्या आपल्या रूढ व्याख्येत ही वास्तू नीट बसत नाही. कुलाबा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. तो पडला तर ते दिसेल, बातमी होईल. वेधशाळेचा ऱ्हास दिसणार नाही. भिंती जशाच्या तशा राहतील, रंगसफेदीही होईल, आणि पलीकडच्या आवारात लोखंडी सळ्यांची पाच मजली इमारत उभी राहिली की आतली नोंद गढूळ व्हायला लागेल. मोठ्या मालमोटारीचा लोखंडी सांगाडा शेजारून गेला तरी रेघेवर उमटतो. वारसा म्हणून इथे जपायची ती गोष्ट भिंतींच्या बाहेरची शांतता आहे, आणि तिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. 1960 च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारक कायद्याची घडण पुरातन अवशेषांसाठी झाली, चालू असलेल्या मोजमापासाठी झालेली नाही. मुंबईच्या वारसा नियमावलीत इमारतींच्या प्रती ठरवताना वास्तुशैली, ऐतिहासिक घटना, व्यक्ती यांना गुण मिळतात. सलग चाललेल्या कामाला गुण देण्याची सवय आपल्याला अजून लागायची आहे.

अलिबाग आता 1904 चे अलिबाग नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसे उतरवणारी बोट 2020 पासून सुरू आहे. शनिवार-रविवारी गाव गच्च असते, बंगले आणि हॉटेले वाढत आहेत. हे थांबावे असे कोणी म्हणणार नाही. मूस यांनीही शहराला थांबा म्हटले नव्हते. त्यांनी काम हलवायच्या आधी दोन वर्षे सांधा घालण्याची सवलत मात्र मागून घेतली. उद्या अलिबागलाही गर्दी असह्य झाली आणि वेधशाळा आणखी कुठे न्यावी लागली, तर तशीच सवड पुन्हा लागेल, आणि ती ऐनवेळी मिळत नाही.

म्हणून अलिबाग नगरपरिषदेला, जिल्हा प्रशासनाला आणि आसपास जमिनी घेणाऱ्यांना विनंती: या आवाराच्या लगत नवे बांधकाम, मनोरा, वाहनतळ किंवा उपकेंद्र काढण्यापूर्वी वेधशाळेचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि विकास आराखड्यात तसा पट्टा आखून ठेवावा. आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा या वेधशाळेत वेधक, कारकून किंवा शिपाई म्हणून काम करून गेले, त्यांनी घरात जुनी छायाचित्रे, पत्रे, नेमणुकीचे कागद असतील तर त्यांची प्रत वेधशाळेकडे द्यावी.